‘दीड टन’ पुन्हा ऐकताना

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जयभीम. तू बरा असशील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही, आणि गुडघ्यांबद्दल लिहायला हे पत्र नाही.

तुझा पत्ता देहूरोडच्या विहारातून मिळवला. आपल्यात अंतर तेरा किलोमीटरचं आणि चोवीस वर्षांत मी तो मिळवला नाही, हे तू म्हणायच्या आत मीच लिहून टाकते. तुझं मोटार वायंडिंगचं दुकान चांगलं चालतं असं तिथले गृहस्थ म्हणाले. "चालत्या पंख्याला नुसता हात लावतात अन् कुठली बेअरिंग गेली ते सांगतात." मी म्हटलं, लहानपणीही तो असाच होता. तू तसा नव्हतास. पण बहिणीने काहीतरी बोलायला हवं होतं.

आता कामाचं.

गेल्या महिन्यात मैत्री नावाची मुलगी घरी आली. सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर. चाकणला एका कंपनीत गाडीच्या सुट्या भागांचा आवाज मोजते. असंही काम असतं. दारातच तिने पिशवीतून कॅसेट काढली. ‘दीड टन’. कंपनीतल्या तुझ्या हॅमरचं, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या त्या दीड टनाच्या धुडाचं, ते काळं चित्र, खाली ‘बेस गिटार, रचना, ध्वनिमिश्रण : धम्मपाल ओव्हाळ, १९९७’. पुण्याच्या जुन्या बाजारात सापडली म्हणाली. मग तिने चिंचवडचा स्टुडिओवाला खंडू शोधून काढला. स्टुडिओच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे, पण मूळ टेप त्याने माळ्यावर जपून ठेवली होती. तिला ती नव्याने काढायची आहे. मोठी काळी तबकडी, सोबत एक पुस्तिका.

मी म्हटलं, "दोनशे कॅसेट काढल्या होत्या. दीडशे आमच्या कॉटखाली पडून होत्या. तुला ही कशाला हवी?"

"मावशी, तुम्हाला खरंच माहीत नाही?" ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर चढवली. तेव्हापासून बंगळूर, शिलाँग, कुठकुठली मुलं ती ऐकतात. बेस गिटार वाजवणाऱ्या मुलाला ‘दीड टन’ माहीत नसेल तर बाकीचे त्याच्याकडे दयेने बघतात म्हणे. तुमच्या ‘तिसरी पाळी’ बँडमधले बाकीचे कोणाला आठवत नाहीत. तू एकटा आठवतोस. आणि प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे तू मला नव्वद सालापासून समजावलंस, तरी मला ते अजून लांबलचक वाटतं.

तिने मला पिंपळे सौदागरच्या एका क्लासमध्ये नेलं. तळघरात अकरा मुलंमुली. बी बाजूची ती बावीस मिनिटांची रचना त्यांनी वाजवली, लोखंडाचा तुकडा भट्टीतून निघाल्यापासून थंड होईपर्यंतची. खाली हॅमरसारखे घाव आणि वर तो चिरका, घासणारा आवाज. तो त्यांना सगळ्यात प्रिय आहे. कंपनं सेकंदाला चार हजारांच्या आसपास, म्हणून ते त्याला ‘चार हजारी’ म्हणतात. आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर पट्ट्या असतात, त्यातली चार हजारांची पट्टी ते अगदी वर सरकवतात आणि तिच्यावर चिकटपट्टी लावतात, कोणी खाली करू नये म्हणून. वाजवण्याआधी प्रत्येक जण हे करतो. मोठ्या माणसाच्या पाया पडावं तसं.

सत्त्याण्णव साली मी त्या आवाजाला काय म्हणाले होते ते तुला आठवत असेल. मी ते मागे घेत नाही. मला तो आजही तसाच ऐकू येतो.

मैत्रीला तुझी सही हवी आहे, परवानगीच्या कागदावर. तो सोबत जोडला आहे. आणि पुस्तिकेसाठी एका प्रश्नाचं उत्तर : तो आवाज तू मुद्दाम तसा केलास का? मला तिने विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचार.

उत्तर थेट तिलाच पाठवलंस तरी चालेल.

तुझी ताई

•

संत तुकाराम नगर
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मपाल,

जयभीम. कार्ड पोचलं. सही केलेला कागद मैत्रीला दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. तुझं अक्षर सुधारलेलं नाही.

"मुद्दाम केलं असं छाप. तेवढं एक तरी मी मुद्दाम केलेलं असू दे." हे तुझं वाक्य तिने तीनदा वाचलं. तिला ते जसंच्या तसं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हवं आहे.

त्याखाली तू मला विचारलंस : "पंच्याण्णव साली कंपनीत कान तपासायची गाडी आली होती. मी आत बसलो होतो. त्यात काय निघालं?"

रजिस्टरमध्ये तुझ्या नावापुढे ‘सामान्य’ लिहिलेलं होतं. चौकशीत ते वाचून दाखवलं, तेव्हा तू समोरच होतास.

इकडची बातमी म्हणजे हॅमर शॉपची जागा पूर्ण मोकळी झाली. हॅमर चाकणला हलवून वर्षं झाली, आता तिथे बावीस मजली इमारत होते आहे. नमुन्याचा फ्लॅट बघायला लोक येतात. ज्या जागी तू उभा राहून तापलेला तुकडा सांडशीत धरायचास, तिथे लहान मुलांसाठी झोपाळा बसवला आहे. वरच्या मजल्यावरच्या सायलीने तिथे घर घेतलं. "शांत एरिया आहे हो, मावशी," म्हणाली.

रविवारी मैत्री मला चाकणला तिच्या कंपनीत घेऊन गेली. तिथे भिंतींना जाड स्पंज लावलेली एक खोली आहे. आत गेलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आपल्याच छातीतली धडधड तेवढी ऐकू येते. तिने तुझी टेप लावली. पडद्यावर आवाजाची रेघ उमटली. म्हणाली, "इथे बघा, मावशी. सगळीकडे नीट चाललीये, आणि चार हजारांवर हा एवढा डोंगर. इतका नेमका डोंगर चुकून होत नाही. खंडूकाका सांगतात, ते म्हणत होते, ‘धम्मादादा, कान फाटतील लोकांचे,’ आणि हे म्हणायचे, ‘अजून वर घे. तार कुठाय? तार ऐकूच येत नाही मला.’ केवढी भूक असेल बघा त्या माणसाला."

मी तिच्याकडे पाणी मागितलं. बाहेर आल्यावर बराच वेळ तिच्या गाडीत बसून राहिले. तिला वाटलं, खोलीत गुदमरल्यासारखं झालं. तसं होतं म्हणे काहींना.

एवढंच.

विजयश्री

•

संत तुकाराम नगर
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

धम्मपाल,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "रजिस्टर विचारलं नव्हतं." एवढीच ओळ. बरोबर आहे. तू रजिस्टर विचारलं नव्हतंस.

गाडी नोव्हेंबर पंच्याण्णवमध्ये आली. हॅमर शॉपच्या बेचाळीस माणसांची तपासणी झाली. आठ दिवसांनी सगळे आलेख एका पाकिटात बंद होऊन कंपनीच्या दवाखान्यात आले. तिथल्या नोंदी मी ठेवायचे, म्हणून माझ्या टेबलावर. डॉक्टर कंपनीत आठवड्यातून एकदा येत, पाकीट मीच फोडलं. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली, अशी पद्धत असते. चांगल्या कानाचे गोल आणि फुल्या एका ओळीत चालतात. तुझे दोन हजारांपर्यंत चालले आणि चार हजारांवर खड्ड्यात पडले. दोन्ही कानांचे. खाली गाडीतल्या डॉक्टरने लिहिलं होतं, ‘हॅमर शॉपमधून ताबडतोब हलवावे. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.’ तुझ्यासारखे आणखी दहा निघाले.

ते अकरा कागद मी बाजूला काढले आणि रजिस्टरमध्ये बेचाळीस वेळा ‘सामान्य’ लिहिलं.

मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, मॅनेजरने नाही. चौकशीच्या वेळी तुला वाटलं असेल की कंपनीने माझ्याकडून ते करवून घेतलं, म्हणून तू माझा राग केलास पण मला दोष पुरता दिला नाहीस. आईने मला तसं सांगितलं होतं. मी तिला तसंच समजू दिलं, आणि मरेपर्यंत ती तसंच समजत राहिली.

कारण सांगते. तू टेम्पररी होतास, कायम व्हायला तीन महिने उरले होते. नोकरी मी शब्द टाकून लावली होती. हॅमर शॉपमधून काढलेल्या टेम्पररी माणसाला दुसरं खातं देत नसत, घरी पाठवत. मी ठरवलं, तीन महिने जाऊ देत, एकदा कायम झाला की कागद पुढे करू. हे पहिलं कारण. दुसरं असं की तू घरी बसला असतास तर सकाळ-संध्याकाळ ती गिटार घेऊन बसला असतास, आणि ते मला नको होतं. बी.एस्सी. होऊन मी नोकरी धरली, तुझं शिक्षण केलं, आणि तू बँड काढणार. दुसरं कारण पहिल्यापेक्षा खरं आहे.

मार्चमध्ये तू कायम झालास. आईने पेढे वाटले. तेव्हा कागद पुढे केला असता तर आधी का दडवला असं विचारलं असतं. म्हणून तो तसाच राहिला. तपासणीची गाडी मी पुन्हा बोलावलीच नाही. हॅमर शॉपला दर शनिवारी गूळ मिळायचा, घशात धूर जातो म्हणून, आणि गुळाच्या रजिस्टरवर सह्या व्हायच्या. वर्षातल्या एका शनिवारी मी त्याच टेबलावर कानाचं रजिस्टर उघडून ठेवायचे. माणसं ओळीने यायची, दोन्हीकडे सह्या करायची, गूळ घेऊन जायची. गूळ घेताना कोण वाचतं? तूही सही केलीस. पाच वर्षं, पाच सह्या. चौकशीत त्या तुला दाखवल्या तेव्हा तू किती वेळ कागदाकडे बघत बसलास ते मी बघत होते. तुला तुझ्याच सहीची शंका आली होती.

आता कॅसेटबद्दल. सत्त्याण्णवमध्ये तू ती घरी लावलीस. आईने कानांवर हात ठेवले. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी म्हणाले, "पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं वाटतंय. बंद कर." मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. जे आम्हाला घासल्यासारखं वाटत होतं, ती तुझ्यासाठी नुसती तार होती. इतकी चढवली तेव्हा कुठे तुला ऐकू आली. सगळ्या घरात, सगळ्या पिंपरीत ते समजणारी मी एकटी होते. तेव्हा तुझा अर्धा कान शिल्लक होता. मी टेप बंद करायला सांगितली आणि स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर तू त्या हॅमरपाशी साडेतीन वर्षं उभा राहिलास.

दोन हजार एकमध्ये, कान गेल्याच्या तुझ्या तक्रारीच्या चौकशीत, अधिकाऱ्याने मला तीन प्रश्न विचारले. तपासणी झाली होती का? हो. नोंद तुम्ही केली का? हो. निकाल सामान्य होता का? तू तोवर ओठ वाचायला शिकला होतास. मी तिसऱ्यांदा हो म्हणाले आणि तू मान खाली घातलीस. त्यांनी बहिरेपणाचं सोंग असं लिहिलं. ते शब्द मी टाइप केलेले नाहीत, पण टाइप करणारी मुलगी माझ्याच शेजारी बसायची.

अकरा कागद मी निवृत्तीच्या दिवशी घरी आणले. फाडले नाहीत. दाखवलेही नाहीत.

गेल्या आठवड्यात दाखवले. आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. मी गेनबाकडे गेले, चाकणजवळच्या त्याच्या गावी, कारण ते सोपं होतं. तुझ्या शेजारच्या हॅमरवर होता तो, तुला आठवेल. त्या अकरांपैकी एक. आता ओट्यावर बसून असतो. मी मोठ्याने नाव सांगितलं, तर त्याची बायको कुशाबाई म्हणाली, "न्हाई ऐकू येत त्यास्नी. वरडू नका, उगा घसा दुखंल. मला सांगा, मी सांगते हातानं."

मी तिला सगळं सांगितलं. तिने कागद उलटा धरला होता, मी तो सरळ करून दिला. लाल गोल, निळ्या फुल्या. ती बघत राहिली. म्हणाली, "म्हंजी तवाच कळलं हुतं तुमास्नी."

"हो."

"व्हय," ती म्हणाली. गेनबा आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होता, हसत होता, पाहुणी आली म्हणून. शेवटी ती म्हणाली, "बाई, गूळ मातूर लई चांगला असायचा तुमचा." आणि आत निघून गेली. त्याला तिने काय सांगितलं, सांगितलं का नाही, मला माहीत नाही. चहा आला नाही. यायचं कारणही नव्हतं.

त्यानंतर मैत्री. तिने तुझा कागद संगणकावर चढवला आणि तिच्या पडद्यावरच्या डोंगराखाली ठेवला. खड्डा आणि डोंगर, एकमेकांत बसले. जितकं गेलं होतं, जवळजवळ तितकंच तू वर चढवलं होतंस. ती त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग मुलांना काय सांगू मी?"

मी म्हटलं, "खरं ते सांग. तुझी ती अकरा मुलं माझ्या भावाची इजा पाठ करताहेत."

"सांगितलं तरी ती पट्टी खाली घेणार नाहीत, मावशी. त्यांना तो आवाज आवडतो. मलाही आवडतो." ती रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. मुलगी चांगली आहे.

मी एक पान लिहिलं. वरचं सगळं, नावानिशी, पुस्तिकेत छापायला. आणि ते लिहून झाल्यावर तुझं कार्ड पुन्हा वाचलं. ‘तेवढं एक तरी मी मुद्दाम केलेलं असू दे.’ माझं पान छापलं तर पहिल्या पानावरच्या तुझ्या त्या वाक्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. एकदा माझ्या खोट्या कागदाने तुझं खरं बोलणं खोटं ठरवलं. आता माझा खरा कागद तेच करेल. मी चार दिवस यावर विचार केला. उत्तर सापडलं असं नाही. पण तू मुद्दाम केलंस की नाही हे त्या आलेखावरून ठरत नाही, हेही मला दिसतं. खंडू सांगत होता कान फाटतील, आणि तू वर घ्यायला लावलंस. तो तुला काय सांगतोय ते तुला कळत होतं. मग तू काय ठरवलंस ते फक्त तुलाच ठाऊक.

म्हणून असं केलं आहे. कारखान्यांच्या तपासणीच्या सरकारी कार्यालयात अकराही आलेखांच्या प्रती आणि माझा जबाब सोमवारी दिला. पोच घेतली. तिथे तुला विचारलं नाही, कारण त्यात आणखी दहा माणसं आहेत. चौघं आता नाहीत. टेबलामागचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तीस वर्षं झाली, याचं काही होणार नाही." मी म्हटलं, शिक्का मार.

पुस्तिकेचं पान मात्र मैत्रीच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुझ्या शब्दाशिवाय ते छापणार नाही असं तिने कबूल केलं आहे. पंधरा तारखेला छपाई आहे. ‘छाप’ म्हणालास तर छापेल. ‘नको’ म्हणालास तर तुझं वाक्य तिथे एकटं राहील आणि मी ते कधी खोडणार नाही, कोणी विचारलं तरी. काहीच कळवलं नाहीस तर तेही ‘नको’ असंच समजायचं, असं तिला सांगून ठेवलं आहे. तुझ्या नावापुढे मी तुला न विचारता एकदा लिहिलं, आणि एकदा बोलले. या वेळी विचारते आहे.

तुझा मूळ आलेख सोबत आहे. प्रत नाही, मूळ. तीस वर्षांपूर्वी तो तुझ्या हातात द्यायचा होता.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे कामही तुझ्यावर येईल.

विजयश्री ओव्हाळ
नोंद करणारी